गंगेपलीकडची रेती

"भाग्यवान हो तुमचे यजमान, काशीत देह ठेवला, मोक्ष मिळाला," असं कोणी म्हटलं की अजूनही माझ्या अंगाची लाही लाही होते. म्हातारी झाले मी. केस पिकायची पाळीच आली नाही, ते आधीच काढले. तरी राग काही जात नाही. माणसाला काय हवं होतं ते कोणी विचारायचं नाही, त्याच्या पदरात मोक्ष टाकायचा, आणि वर त्यालाच भाग्यवान म्हणायचं! आमच्या ह्यांना मोक्ष नको होता. ह्यांना स्कॉटलंडातल्या एका समुद्रकाठच्या गावी जाऊन गॉल्फ खेळायचं होतं. हसा, खुशाल हसा. मीही आधी हसलेच होते.

आमचं घर दुर्गाघाटाच्या गल्लीत. गल्ली एवढी चिंचोळी की समोरून गाय आली तर माणसानं कोणाच्या तरी ओट्यावर चढून तिला वाट द्यायची. सासरी पिढ्यान्‌पिढ्या पोथ्यांचं आणि पंचांगाचं काम. हे पाठशाळेत ज्योतिष आणि गणित शिकवायचे. घरात आम्ही चौघं: हे, मी, आमची मुलगी आणि सासूबाई. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, त्यामुळे माझ्या लिहिण्यात मधेमधे हिंदी शब्द शिरतात, त्याला माझा इलाज नाही. लिहायवाचायला मला ह्यांनीच शिकवलं, तेही सासूबाईंच्या नाकावर टिच्चून.

छावणीत रेल्वेचा एक म्हातारा इंजिनियर राहायचा. स्कॉटलंडचा. एकटा जीव. त्याला आपल्याकडचं जुनं ज्योतिष मुळातून वाचायची हौस, म्हणून पाठशाळेनं ह्यांना त्याच्याकडे पाठवलं. पहिल्याच दिवशी हे गेले तेव्हा साहेब बंगल्यामागच्या माळावर काठीनं चेंडू टोलवत होता. हे धोतराचा सोगा हातात धरून बघत उभे राहिले. मग विचारलं, चेंडू किती कोनानं उडाला तर सगळ्यात लांब पडतो? साहेबानं उत्तर द्यायच्या ऐवजी काठीच ह्यांच्या हातात दिली. आणि ह्यांनी मारलेला पहिलाच चेंडू असा गेला म्हणे की साहेबानं डोक्यावरची टोपी काढली. म्हणे! मी थोडीच तिथे बघायला होते.

त्या दिवसापासून आमचे हे कामातून गेले. संथा कमी आणि चेंडू जास्त. घरी येऊन आंघोळ करायचे, कारण काठीच्या मुठीला चामडं. पुढे साहेबानं आपली एक जुनी काठी ह्यांना दिली तेव्हा ह्यांनी काय करावं? ते चामडं सोलून काढलं आणि जुन्या मुकट्याची रेशमी चिंधी मुठीला गुंडाळली. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "सोवळ्याचं वस्त्र त्या मेल्या काठीला!"

"आई, आता ती सोवळ्यात आहे," हे म्हणाले. "तूही हात लावलास तरी चालेल."

मला हसू फुटलं आणि माझ्याकडे सासूबाईंनी असं बघितलं की मी पदर तोंडात कोंबून चुलीकडे पळाले.

साहेबाकडे विलायतेची चित्रांची साप्ताहिकं यायची. जुनी झाली की तो ह्यांना द्यायचा. हे त्यातली गॉल्फच्या मैदानांची चित्रं कापून माजघरातल्या भिंतीवर खळीनं चिकटवायचे. एक आफ्रिकेच्या टोकाचं मैदान होतं, मागे सपाट माथ्याचा डोंगर. एक फ्रान्सातलं, बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी. आयर्लंडातलं एक होतं तिथे म्हणे वारा इतका की उभ्या माणसाची टोपी राहत नाही. सिलोनचंही होतं, नारळाची झाडं होती म्हणून ते मला त्यातल्या त्यात आवडायचं. पण मधोमध, देवाच्या जागी असावं तसं, स्कॉटलंडातल्या त्या गावाचं चित्र. एका बाजूला गावातली दगडी घरं, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधे नुसती रेती आणि आखूड गवत. झाड नाही, झुडूप नाही.

"ह्यात बघायचं काय?" सासूबाई विचारायच्या. "एवढं गवत आणि त्यावर एक गाय नाही."

संध्याकाळी जेवणं झाली की हे पान खात खात मुलीला मांडीवर घ्यायचे आणि भिंतीवरच्या यात्रेला निघायचे. आधी कलकत्ता, मग जहाजानं सिलोन, मग आफ्रिका, तिथून वर फ्रान्स, आयर्लंड, आणि शेवटी ते गाव. कुठे वारा कुठून येतो, कुठे चेंडू खड्ड्यातल्या वाळूत रुततो, सगळं सांगायचे, स्वतः जाऊन आल्यासारखं. मी म्हणायचे, "गंगेच्या पल्याड एवढी रेती पडली आहे आणि रेती बघायला विलायतेला जायचं? अक्कल कुठे गहाण टाकली?" हे म्हणायचे, "तू चल बरोबर. तुला एक छोटी काठी करून देतो." इश्श! मुलगी टाळ्या पिटायची. घरात तेव्हा सुख होतं, आणि तेव्हा ते मला कळतही होतं. उगाच नंतर कळलं असं कशाला म्हणू?

छावणीत गोऱ्या लोकांचं गॉल्फचं मैदान होतं. साहेब एकदा पहाटे पहाटे ह्यांना तिथे घेऊन गेला, कोणी यायच्या आत. धोतर, उपरणं, शेंडी, आणि हातात मुकट्याची चिंधी गुंडाळलेली काठी. काय दिसले असतील! पण कोणीतरी बघितलं आणि ओरड केली. साहेबाला चार माणसांत ऐकून घ्यावं लागलं. ह्यांना एका शिपायानं दंडाला धरून फाटकाबाहेर आणून सोडलं. घरी आले ते जेवले नाहीत. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, आणि सांगताना दंड चोळत होते. मी त्या शिपायाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे म्हणाले, "साहेब सांगतो, त्याच्या गावचं मैदान गावाच्या मालकीचं आहे. तिथे पाववाला खेळतो, चांभार खेळतो, पाद्री खेळतो. कोणाला फाटकाबाहेर काढत नाहीत. फाटकच नाही." मग म्हणाले, "एकदा तरी मला तिथे उभं राहायचं आहे. एक डाव पुरता खेळून यायचं आहे. मग पुन्हा काठी हातात धरली नाही तरी चालेल."

त्यानंतर मी हसणं सोडलं.

साहेबाची नोकरी संपली. तो परत निघाला आणि निघताना त्यानं ह्यांना सांगितलं की माझ्याबरोबर चल. त्याच्या त्या गावात मोठं विद्यालय होतं, तिथल्या पंडितांना आपल्या पोथ्या लावून द्यायला जाणता माणूस हवा होता. वर्षभर राहायचं आणि परत यायचं. जाण्यायेण्याची सोय ते लोक करणार होते. बघा म्हणजे, भिंतीवरचं चित्र उठून दारात आलं. हे त्या दिवशी गल्लीतून जवळजवळ पळत आले. मला आत बोलावून सांगितलं.

समुद्र ओलांडला की गल्ली वाळीत टाकणार, हे ठाऊक होतं. परत आल्यावर प्रायश्चित्त घेऊ म्हणाले. मला भीती होती ती सासूबाईंची. आणि त्यांची बाजूही मला सांगितलीच पाहिजे, नाहीतर त्या नुसत्या कजाग वाटतील. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दक्षिणेत कोणा संस्थानिकाकडे यज्ञाला गेले होते आणि परतीच्या वाटेवर कुठल्याशा खेड्यात पटकीनं गेले. तिथल्याच लोकांनी अग्नी दिला. जन्म काशीत काढला आणि मरण बाहेर! सासूबाईंच्या मनातून ते कधी गेलंच नाही. जेवताना घास हातात धरून त्या मधेच थांबायच्या आणि म्हणायच्या, "कुठे फिरत असतील कोण जाणे." त्यांना वाटायचं, नवरा तर बाहेर गेला तो गेला, निदान मुलगा तरी तरला पाहिजे. ही माया होती. पण मायेनंही माणूस मरतो, हे मी ह्या घरात बघितलं.

तर सासूबाई रागावतील, रडतील, अन्न सोडतील, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यातलं काहीच झालं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जा. पण जाण्याआधी माझ्याबरोबर पंचक्रोशी कर. एवढंच मागते." पंचक्रोशी म्हणजे काशीच्या सीमेवरून चालत घातलेली प्रदक्षिणा. ह्यांचे डोळे भरून आले. "एक सोडून दोन करू, आई," म्हणाले. मी मनात म्हटलं, म्हातारीला आपण ओळखलंच नाही.

पंचक्रोशी निघते मणिकर्णिकेवरून. आधी तिथे संकल्प सोडायचा. तळहातावर पाणी घ्यायचं, उपाध्यायांनी संकल्प सांगायचा, आपण म्हणायचा आणि शेवटी 'करिष्ये' म्हणताना पाणी ताम्हनात सोडायचं. मुंज झाल्यापासून ब्राह्मणाच्या मुलाचा हात हेच करत असतो, सकाळी संध्याकाळी, झोपेतही करील. आमचे उपाध्याय म्हातारे, सासूबाईंच्या शब्दाबाहेर नसलेले. बाजूला चिता जळत होत्या, धुरानं मुलगी खोकत होती, तिला घेऊन मी जरा मागे बसले. सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे ह्यांच्या कोपराला हात लावला होता. उपाध्याय नेहमीसारखं घडाघडा सांगत होते, हे म्हणत होते. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मी फक्त ह्यांचं तोंड पाहिलं. ते म्हणता म्हणता एकदम पांढरं पडलं. ओठ मात्र चालूच होते. आणि 'करिष्ये' आलं, आणि हात कलला, आणि पाणी ताम्हनात पडलं.

उपाध्यायांनी मान वर केली नाही. ह्यांनी ओल्या हाताकडे बघितलं आणि मग सासूबाईंकडे. "आई, हे काय वदवलंस माझ्याकडून?"

सासूबाई रडत होत्या. "बाबा, तुझ्या भल्याचंच आहे रे."

पंचक्रोशीच्या संकल्पात उपाध्यायांनी क्षेत्रसंन्यास घातला होता. म्हणजे मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडणार नाही, अशी प्रतिज्ञा. म्हातारे लोक शेवटी शेवटी घेतात ती. आमच्या ह्यांच्या डोक्यावर तेव्हा एक पांढरा केस नव्हता.

त्या यात्रेत पाच मुक्काम आम्ही कसे काढले ते माझं मला ठाऊक. वाटेवर मी ह्यांच्याशी भांडले, डोक्यावर पदर आणि कडेवर मूल घेऊन भांडले. "फसवून घेतलेला संकल्प कसला? दोन थेंब पाणी! द्या सोडून आणि बसा जहाजात."

"फसवून कसला?" हे म्हणाले. "ज्याला भाषा येत नाही त्याला फसवतात. मी शब्द न् शब्द ऐकला. 'आमरण' म्हटलं तेव्हाच कळलं. थांबायला हवं होतं, बोटं मिटायला हवी होती. हात थांबला नाही."

"मग हाताची चूक. तुमची नव्हे."

"हात माझाच ना?"

"देवाला काय समजत नाही?"

"देवाचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी रोज मुलांना शिकवतो की बोललेला शब्द आणि सोडलेलं पाणी परत घेता येत नाही. उद्या त्यांना काय सांगू? माझ्यापुरतं येतं?"

मी हात टेकले. दुसरा कोणी असता तर दोन शिव्या हासडून गेला असता. ह्यांच्यासारखा पढलेला माणूसच असा दोन थेंब पाण्यात बुडतो. मला त्या क्षणी त्यांच्या पोथ्यांचा, पाठशाळेचा, सगळ्याचा संताप आला. सासूबाईंचा तर आलाच. पुढे कितीतरी महिने मी त्यांना वाढायची तेव्हा भांडं जोरात आदळायची, आणि त्या मान खाली घालून जेवायच्या.

साहेब एकटाच गेला. जाताना आपल्या चार काठ्या आणि पेटीभर चेंडू ह्यांच्याकडे ठेवून गेला. म्हणाला, पुढेमागे येशील तेव्हा घेऊन ये. आगगाडी पूल ओलांडून पार जाते, म्हणून हे त्याला पोचवायला फक्त स्टेशनपर्यंत गेले. घरी येऊन भिंतीवरची चित्रं काढतील असं मला वाटलं होतं. काढली नाहीत. फक्त संध्याकाळची यात्रा बंद झाली. मुलगी हट्ट करायची, "बाबा, आज सिलोनला जाऊ या ना," आणि हे म्हणायचे, "आज बोटीला उशीर आहे."

हिवाळ्यात गंगेचं पाणी उतरलं की पलीकडे मैलोगणती रेती उघडी पडते. आमच्या घाटावरून समोर तीच दिसते. ह्या काठाला एवढे घाट, देवळं, माणसं, आणि त्या काठाला काहीही नाही. काशीची सीमा गंगेपर्यंत, पलीकडे बाहेर. तिकडे मेलेला माणूस गाढवाच्या जन्माला जातो असं आमच्याकडे लहान पोरंही सांगतात. एका सकाळी हे घाटावर स्नान करून वर आले ते तसेच ओल्या धोतरानं वळले आणि बघत उभे राहिले. मला हाक मारली. "बघ, बघ. त्या चित्रासारखीच नाही का? पाणी, मग रेती, मग कडेला जरासं गवत."

"आहे खरी," मी म्हटलं. मी आधीपासून तेच सांगत नव्हते का?

मग सुरू झाला तो आमचा हिवाळ्याचा खेळ. हे पोथ्या चाळून एवढं ठरवून बसले होते की पात्राच्या मधोमधपर्यंत जायला हरकत नाही. ओळखीचा मल्लाह होता. तो आम्हाला नावेत घालून मध्यावर न्यायचा आणि नाव धरून ठेवायचा. हे नावेत पाय फाकून उभे राहायचे, फळीवर चेंडू ठेवायचे आणि पलीकडच्या रेतीवर मारायचे. पहिले सगळे गंगार्पण झाले. मग जमू लागलं. चेंडू वर जायचा, दिसेनासा व्हायचा आणि लांब रेतीत एक एवढासा फुफाटा उडायचा. हे स्वतः त्याच्यामागे जाऊ शकत नव्हते. मग ह्यांना मध्यावर दुसऱ्या नावेत बसवून मल्लाह मला पलीकडे सोडायचा, आणि मी, लुगड्याचा ओचा खोचून, अनवाणी, त्या उजाड रेतीत चेंडू वेचत फिरायची. घाटावरचे लोक बघायचे, बघू देत. परत आले की हे विचारायचे, कुठे पडला? रुतला होता की वर होता? आजूबाजूला काय होतं? आणि सगळ्यात शेवटी, दर वेळी, "पायाला कशी लागते गं रेती?"

"सकाळी गार. उन्हं चढली की चटका," मी सांगायची.

"बारीक आहे?"

"पिठीसारखी."

मान हलवायचे. नवऱ्याचं सुख दुसऱ्या काठावर जाऊन पदरात वेचून आणायचं आणि त्याला नुसतं सांगायचं, ह्यापेक्षा वाईट काम बायकोला दुसरं नसेल.

मग प्लेग आला. दुर्गाघाटाच्या गल्लीत उंदीर पडू लागले. आधी गटाराशी, मग घरांत. पाठोपाठ माणसं. आज बोललेलं माणूस परवा नाही. पाठशाळा बंद झाली. आजूबाजूचे लोक घरं सोडून निघाले आणि बहुतेकांनी गंगा ओलांडून त्या रेतीवर गवताच्या झोपड्या घातल्या. मोकळी हवा, ऊन, उंदीर नाही. तिकडे गेलेले वाचत होते, हे दिसत होतं. आमच्या शेजारच्या घरात सकाळी एक गेलं, दुपारी दुसरं. सासूबाईंनी बोचकं बांधलं.

"चल रे," त्या ह्यांना म्हणाल्या. "नाव उभी आहे."

हे सोप्यावर बसले होते. "तुम्ही जा. मला येता येत नाही."

सासूबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. "अरे, तो संकल्प... मी सांगते, मोडला. माझ्या डोक्यावर पाप. उपाध्यायांना बोलावते, काहीतरी उतारा असेल."

"उपाध्याय परवाच गेले, आई."

"मग मी मोडते!"

"तू घेतलाच नव्हतास. तू कशी मोडशील?"

सासूबाईंनी त्यांचे पाय धरले. आईनं मुलाचे! विधवेचं आलवण नेसलेली ती बाई, कधी कोणापुढे न वाकलेली, कपाळ जमिनीवर आपटायला लागली. "माझी चूक झाली रे, बाबा. चल बाहेर. नरकात गेलास तरी चालेल, पण जिवंत राहा."

ह्यांनी त्यांना उठवलं. आवाज जराही चढवला नाही. "मी काशीत असावं हेच तुला हवं होतं ना? आहे ना मी काशीत." ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. निव्वळ समजावल्यासारखं म्हणाले.

मी म्हटलं, मीही राहते. तेव्हा मात्र ते माझ्यावर खेकसले. "पोरीला कोण बघेल? जा म्हणतो ना!" आणि मग हळू आवाजात, "मी रोज सकाळी घाटावर येईन. तुला दिसेन."

सूर्य उगवतो तो रेतीच्या बाजूनं. सगळे घाट उजळून निघतात आणि पलीकडून माणूस न् माणूस दिसतो. हे आंघोळ करून आमच्या घाटाच्या बुरुजावर यायचे आणि ती काठी डोक्यावर उंच धरायचे. मी इकडून मुलीला उचलून धरायची. एवढाच आमचा संसार राहिला होता. सासूबाई माझ्या आधी उठून काठावर उभ्या असायच्या, पण त्या हात वर करायच्या नाहीत. मधल्या काळात मी त्या रेतीवर स्वयंपाक करत होते, भांडी घासत होते, मुलीला निजवत होते, आणि मला एकच वाटत होतं, की ज्यांचा ह्या रेतीवर जीव होता ते पलीकडे दगडावर उभे आहेत, आणि जिला तिचं काही नाही ती मी इथे लोळते आहे.

एका सकाळी बुरुज रिकामा होता. मी म्हटलं, उशीर झाला असेल. ऊन चढलं. मी मुलीला सासूबाईंच्या मांडीवर टाकलं आणि नावेत बसले.

काखेत गाठ आली होती. अंग फणफणलं होतं. मला बघून चिडले, "कशाला आलीस?" आणि मग हात घट्ट धरून ठेवला. पाणी पाजलं, पुसलं, जे करायचं ते केलं. भ्रमात असले की इंग्रजीत साहेबाशी बोलायचे, शुद्धीवर आले की भिंतीकडे बघायचे. शेवटी शेवटी मला विचारलं, "कशी आहे गं?"

मला कळलं काय विचारतात ते. "गार आहे," मी म्हटलं. "आत्ता सकाळ आहे. अगदी गार."

"पिठीसारखी?"

"हो."

त्यानंतर बोलले नाहीत. दुपारी गेले. काशीत, स्वतःच्या घरात, गंगाजल तोंडात. सगळं शास्त्राप्रमाणे. गल्लीत खांदा द्यायला माणसं मिळेनात, लांबच्या एका चुलतदिरांनी कसंबसं मणिकर्णिकेला पोचवलं. पलीकडे सासूबाई नातीला घेऊन काठावर उभ्या होत्या. त्यांना निरोप कळला होता आणि इकडचे धूर दिसत होते. त्या दिवशी मणिकर्णिकेवर इतक्या चिता होत्या, की त्यातला कुठला धूर आपल्या मुलाचा ते त्यांना कळलं नाही. त्या सगळ्यांना नमस्कार करत राहिल्या, असं मुलगी मला मोठेपणी सांगायची.

माझं जे व्हायचं ते झालं. न्हावी आला, आलवण आलं. सासूबाईंनी न्हाव्याला दारातून परत घालवायचा प्रयत्न केला होता, हेही लिहून ठेवते. लोकांनी ऐकलं नाही. पुढची वर्षं आम्ही दोघी सोवळ्या बाया एका चुलीवर जेवलो. मी त्यांना क्षमा केली असं कोणी समजू नये. पण भांडी आदळणं मात्र मी सोडलं.

मुलीचं लग्न होऊन ती सासरी गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात सासूबाईंनी अंथरूण धरलं. एका सकाळी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "मला पलीकडे ने."

मला वाटलं, वात झाला. "कुठे पलीकडे?"

"रेतीवर. इथे मरायचं नाही मला."

गल्ली गोळा झाली. देशोदेशीचे लोक मरायला काशीत येतात आणि ही म्हातारी मरताना काशी सोडते! कोणी म्हणालं वेड लागलं, कोणी मला म्हणालं की सूड उगवतेस का. एका भटजींनी दारातून ओरडून सांगितलं, गाढवाचा जन्म मिळेल. सासूबाईंनी मान उचलली. त्या तोंडातला धाक अजून गेला नव्हता. "मिळू दे," म्हणाल्या. "गाढवाच्या हातून कोणी पाणी सोडवत नाही."

मी मल्लाहाला बोलावलं. जुना गेला होता, त्याचा भाऊ आला. आम्ही त्यांना चादरीत उचलून नावेत ठेवलं. पात्राच्या मध्यावर नाव आली तेव्हा त्यांनी मागे वळून घाट पाहिले नाहीत. पलीकडे उतरवलं, माझ्या मांडीला टेकवून बसवलं. ऊन नुकतं आलं होतं. त्यांनी दोन्ही तळवे रेतीवर टेकले आणि हळूहळू फिरवले.

"गार आहे गं," म्हणाल्या.

"सकाळी असते."

मग विचारलं, "त्याचे चेंडू कुठे पडायचे?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं. मला रडू आवरेना. "इथेच, आई," मी म्हटलं. "तुम्ही बसलात ना, इथेच."

त्यांनी मूठभर रेती उचलली आणि तळहात उघडा धरला. रेती बोटांतून गळायला लागली तशी त्यांनी बोटं घट्ट मिटून घेतली. त्या गेल्यावरही मला ती मूठ सोडवता आली नाही.